फक्त ‘येस’ म्हणायचं

जळगावला जाऊन काय काय बघितलं, असं आमच्या भिशीतल्या बायका विचारतात. मी खरं ते सांगते. खोल्या बघितल्या. अजिंठ्याची लेणी तिथून जवळ, ती बघितली नाहीत. एरंडोलजवळ पद्मालयाचा गणपती आहे, त्याला बसच्या खिडकीतूनच हात जोडले. पण जळगावातली न्हाणीघरं, जिने, पाण्याच्या टाक्या आणि गच्चीवरचे पत्रे यांच्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर खुशाल माझ्याकडं यावं.

त्याचं असं झालं. मी कोल्हापूरची. आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक सुटी खोली आहे, ती मी विद्यार्थ्यांना भाड्यानं देते. तिथं गेली काही वर्षं मोझेस राहत होता. युगांडाचा पोरगा, शेतीचं शिकायला आलेला. उंच इतका की न्हाणीच्या चौकटीला त्याच्या कपाळाची खूण पडलीय. मला काकी म्हणतो. इथलं शिक्षण संपलं आणि त्याला जळगावच्या एका कॉलेजात केळीवरच्या रोगांचं संशोधन करायला जागा मिळाली. आता त्यांच्या मुलखात केळं म्हणजे फळ नव्हे, जेवण. कच्ची केळी सोलून, पानात गुंडाळून वाफवायची आणि भाताच्या जागी ती खायची. तेव्हा जळगाव म्हटल्यावर पोरगा अंगणात नाचला. मीही नाचले असते, पण मला मेलीला लगेच प्रश्न पडला, हा तिथं राहणार कुठं?

वसतिगृहाचं काम निघालेलं, बाहेर खोली बघा म्हणाले. आणि परदेशी मुलाला खोली बघायची म्हणजे चावी घेतली आणि गादी टाकली, असं नसतं. घरमालकानं पोलिसांकडं जाऊन ‘हा माझ्या घरी राहतो’ असं सहीनिशी सांगावं लागतं. त्या सहीला माणसं कशी बिचकतात ते मला माहीत आहे, मी स्वतः बिचकले होते. कॉलेजनं निरोप दिला, शुक्रवारी संध्याकाळच्या आत पत्ता आणि मालकाची सही आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. मोझेसनं फोनवरून बरीच घरं विचारली. युगांडा म्हटलं की समोरच्याचा फोन कट व्हायचा. शेवटी तो जिन्यात डोकं धरून बसला तेव्हा मी पदर खोचला. आमच्या ह्यांना म्हटलं, चार दिवस डबा लावून घ्या. घरमालकिणीचं डोकं कसं चालतं ते घरमालकिणीलाच कळणार.

निघताना मी एकच नियम घातला. मोझेसला मराठी येतं, पण ते आमच्या गल्लीतल्या पोरांकडनं शिकलेलं. शेजारच्या पंचाहत्तरीच्या आजोबांना हा रोज सकाळी म्हणणार, ‘काय भावा, उठलास न्हवं?’ आजोबांना ते आवडतं. पण खोली मागायला गेल्यावर घरमालकाला ‘काय भावा’ म्हटलं की झालंच कल्याण! म्हणून बजावलं, "तिथं मराठीत तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलणार. तुला कुणी काही विचारलं तर हात जोडायचे, मान वाकवायची आणि फक्त ‘येस’ म्हणायचं."

"येस, काकी," तो म्हणाला.

पुढं जे काही रामायण झालं ते सगळं या नियमापायी झालं, हे आधीच सांगून टाकते.

धुळे, बुधवार

आमच्या ह्यांचे नोकरीतले जुने मित्र नाना धुळ्याला असतात. पहिला मुक्काम त्यांच्याकडं. धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांना चक्क नंबर आहेत. आमच्याकडं पत्ता सांगायचा तर तालमीपासून डावीकडं, मग पिंपळापाशी विचारा, असा सांगतात. इथं रिक्षावाल्याला गल्लीचा नंबर सांगितला आणि त्यानं मुकाट्यानं दारात नेऊन सोडलं. भांडायला काही निमित्तच मिळालं नाही.

नानांनी दारात तोंडभर स्वागत केलं आणि पाहुण्यांसाठी गरम जिलेबी आणायला स्वतःच बाहेर पडले. घरात वहिनी. माउली प्रेमळ, पण बोलतात ती अहिराणी. आणि मी बोलते ती कोल्हापुरी. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तसं मी म्हटलं, "रात्रीच्या गाडीनं निघालो बघा वहिनी." त्यांनी माझ्या कपाळाच्या कुंकवाकडं जरा नीट बघून घेतलं.

मग मोझेसकडं वळून म्हणाल्या, "पोऱ्यानं नाव काय शे?"

"मोझेस," मी सांगितलं.

"काय मोजस?"

"काही मोजत नाही हो. नाव आहे त्याचं."

"मोजस? काय मोजस पन?"

मी सोडून दिलं. वहिनींनीही सोडून दिलं. मोझेसकडं बघून त्या मायेनं म्हणाल्या, "च्या लेशी का भाऊ?"

चहा घेशील का, एवढं मलाही कळलं. मोझेसनं हात जोडले, मान वाकवली आणि म्हणाला, "येस."

वहिनींचा चेहरा पडला. "इतल्या लवकर?" असं काहीसं पुटपुटत त्या आत गेल्या आणि चहाऐवजी हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मला कुंकू लावलं. मोझेसला म्हणाल्या, "बरं भाऊ, ये."

"येस," मोझेस म्हणाला.

वहिनींनी जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं आणि दारापाशी उभ्या राहिल्या. आम्ही खुर्च्यांवर बसलेले. त्या आमच्याकडं बघतायत, आम्ही त्यांच्याकडं. मधूनच त्या हसून मान हलवायच्या, मोझेस पुन्हा हात जोडून ‘येस’ म्हणायचा, आणि पुन्हा सगळं गप्प. वारा मात्र छान येत होता.

नाना जिलेबीचा पुडा घेऊन आले तरी वहिनी दारातच. "अगं, चहा नाही टाकला अजून?" म्हणत त्यांनी त्यांना आत पिटाळलं, मग चहा आला. मी मनात नोंद करून ठेवली की धुळ्याकडं पाहुण्याला आधी कुंकू लावतात, दार उघडून देतात आणि मग चहा देतात. म्हटलं, असते एकेका गावाची रीत. परत आल्यावर भिशीत सांगायला बरं.

जेवायला मात्र वहिनींनी आमचे डोळे दिपवले. खापरावरची पुरणपोळी! आमची पोळी लाटून तव्यावर पडते. वहिनींनी ती दोन्ही हातांवर झेलत झेलत फिरवली, ती वाढत वाढत पार कोपरापर्यंत गेली आणि मग उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकली. मोझेसचं ताट त्या एका पोळीखाली दिसेनासं झालं. त्यानं ती संपवली आणि पोटावर हात ठेवून माझ्या कानात कोल्हापुरीत जे काही म्हणाला, ते मी त्याला मोठ्यानं म्हणू दिलं नाही.

निघताना नाना म्हणाले, "कुठंच नाही जमलं तर जळगावात माझी मावसबहीण आहे, सगळे तिला अक्का म्हणतात. शेती एरंडोलकडं आहे, ती मुलगा बघतो. नातवंडांच्या शाळेसाठी जळगावात घर घेतलं होतं, नातवंडं गेली पुण्याला, अक्का राहिली तिथंच. एक खोली पडून आहे. पण घर साधं आहे हं."

मी पत्ता पर्समध्ये तळाशी टाकला. साधं घर आम्हाला कशाला? मी चांगलं शोधणार होते.

जळगाव, गुरुवार

जळगाव जवळ आलं तसे केळीचे ट्रक दिसायला लागले आणि मोझेस बसच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. मी त्याचा शर्ट मागून धरून ठेवलेला. ट्रकवरचे लोक त्याला हात करतात, हा ओरडून त्यांना घडांबद्दल काहीतरी विचारतो, कंडक्टर मला ओरडतो. असे आम्ही जळगावात शिरलो.

पहिलं घर एका सोसायटीतलं. मालक सभ्य, शुद्ध बोलणारे. खोली दाखवली, पाणी दाखवलं, मग मोझेसला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तसं काही नाही हो, पण जळगावचा उन्हाळा याला झेपणार नाही."

"अहो, हा विषुववृत्तावरून आलाय!" मी म्हटलं.

"असेल. विषुववृत्तावर जळगाव नाही ना."

जिना उतरताना मोझेस हळूच म्हणाला, "काकी, त्यांचं बरोबर हाय. आमच्याकडं एवढं ऊन नसतंय." मी त्याला नियमाची आठवण करून दिली.

दुसऱ्या घरी मालकांनी आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग खाली वाकून हळू आवाजात विचारलं, "कोण म्हणायचे हे?"

"युगांडाचे."

"ते झालं. पण त्यात कोण?"

मला हसू फुटलं, पण दाबलं. खोली हवी होती. मोझेसकडं वळून विचारलं, तर तो कानात म्हणाला, हत्ती. त्यांच्याकडं म्हणे कुळं असतात आणि प्रत्येक कुळाचा एक प्राणी. त्या प्राण्याचं मांस खायचं नाही आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. याचं कुळ हत्तीचं. मी ते मालकांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता!

"म्हणजे देवक! अहो, आपल्यासारखंच की. हत्ती म्हणजे तर गणपतीचेच." पाच मिनिटांत त्यांनी स्वतःचं देवक सांगितलं, सासुरवाडीचं सांगितलं, चावी आणायला उठलेसुद्धा. दारातून वळून सहज विचारलं, "आणि मांसमच्छी वगैरे नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत मोझेसनं हात जोडले, मान वाकवली आणि म्हणाला, "येस."

चावी खिळ्यालाच राहिली.

तिसरं घर मात्र माझ्या मनासारखं निघालं. कॉलेजपासून चालत जाण्यासारखं, वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली, चौकट उंच, नळाला धो धो पाणी. मालक एका शाळेत कारकून, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस मोकळा. पोलिसांतली सही म्हटल्यावर दचकलासुद्धा नाही. "आपली काही हरकत नाही ताई. आईला विचारा, आईनं मान डोलावली की झालं," असं म्हणत ते खाली मोटार बंद करायला गेले, टाकी वाहत होती.

आई पलंगावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी मोझेसला जवळ बोलावलं, त्याचा हात हातात घेतला, म्हणाल्या, "मंग, राहशी का रे आठे?"

"येस," मोझेस अगदी गोड म्हणाला.

"बरं भाऊ, सुखी ऱ्हाय," म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा वाती घेतल्या. आशीर्वाद मिळाला! मी जिन्यातच भाऊंना ओरडून सांगितलं, "आईंचं झालं हो, सकाळी येतो!" मोटारीच्या आवाजात त्यांनी हात हलवला. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळ मोकळी होती. नानांचा मान राखायचा म्हणून अक्कांकडं नुसतं डोकावून आलो. गावाच्या कडेचं बैठं घर. अक्का साठीच्या पुढच्या, पण चटपटीत, नऊवारीचा काष्टा घट्ट. मागची खोली त्यांनी दाखवली. तिथं सरकीचं पोतं, जुना पाळणा, मोडकी सायकल. खिडकी शेजारच्या भिंतीकडं आणि चौकट अशी की मोझेसला आत जायचं तर नमस्कार घालतच जावं लागेल. मी नाक मुरडलं.

अक्कांनी मोझेसला विचारलं, "पसंत शे का?"

"येस."

"कवय?"

हे कुणालाच कळलं नाही, पण नियम तो नियम. "येस," मोझेस म्हणाला.

"आम्ही जरा बघून सांगतो हं," मी मधे पडले.

अक्का खो खो हसल्या. "तो येस म्हनस, तू सांगस म्हनस. बठ्ठं चांगलं शे!" सगळंच छान, असं म्हणून त्यांनी आम्हाला शेंगदाण्याचे लाडू दिले. लाडू फक्कड होते. खोलीचा विषय मी तिथंच संपवला.

शुक्रवार

सकाळी लॉजवरून बॅगा घेऊन भाऊंच्या दारात हजर. दार उघडलं एका अनोळखी मुलीनं. खांद्याला टॉवेल, तोंडात ब्रश. तिच्या मागं दुसरी. वरच्या खोलीत रात्रीच राहायला आल्या होत्या, म्हणे.

माझा पारा असा चढला की बोलता सोय नाही. "भाऊ!" मी अंगणातून हाक मारली ती चार घरांना ऐकू गेली असणार. "शब्दाला काही किंमत आहे का नाही?"

भाऊ दाढीचा साबण तसाच घेऊन बाहेर आले. "ताई, आईच म्हणाली की त्याला राहायचं नाही. निघून गेला म्हणाली."

"निघून गेला? तो तर समोर ‘येस’ म्हणाला!"

"हा!" आतून आईंचा आवाज आला. "येस म्हने नि निंघी गया!"

भाऊंनी साबणासकट कपाळावर हात मारला. "आई गं! येस म्हणजे इंग्रजीत हो!"

"मंग मराठीमा सांगाले काय व्हयनं व्हतं त्याले?"

मग भाऊंनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या बोलीत करतो म्हणजे ‘करस’, खातो म्हणजे ‘खास’, जातो म्हणजे ‘जास’. आणि येतो म्हणजे ‘येस’. "आता सांगा ताई, आपण कुणाच्या घरून उठताना काय म्हणतो? जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. आई विचारते आहे राहतोस का, आणि हा हात जोडून, मान वाकवून म्हणतो, येतो. दुसरं काय समजणार ती?"

मी पायरीवर बसलेच. माझ्या डोळ्यांसमोर धुळ्याच्या वहिनी उभ्या राहिल्या. बिचाऱ्या दार उघडून ताटकळत उभ्या, आणि हा लांबलचक पाहुणा ‘येतो, येतो’ म्हणत खुर्चीला चिकटून बसलेला! चहा काय, त्यांनी आम्हाला निरोपाचं कुंकू लावलं होतं. आणि मी म्हणे रीत समजून बसले.

"काकी," मोझेस म्हणाला, "मी म्हटलं हुतं तुमास्नी, मला मराठीत बोलू द्या."

"गप बस!" मी ओरडले. खरं म्हणजे मी माझ्यावरच ओरडत होते. हातची खोली गेली, शुक्रवार उजाडला आणि पोराची जागा माझ्या शहाणपणापायी जाणार. पर्सच्या तळातून नानांचा कागद काढला आणि रिक्षाला हात केला. वाटभर एकच विचार, अक्कांनाही हा ‘येतो’ म्हणूनच आलाय. त्याही म्हणणार, गेला तो.

अक्का दारातच उभ्या होत्या, हात कमरेवर.

"सकायपासीन वाट दखी ऱ्हायनू," त्यांनी मोझेसलाच झापलं. "येस म्हने, नि येवाना पत्ता नई!" कालचं ते ‘कवय’ म्हणजे ‘कधी’ होतं तर, आणि त्यावरही हा ‘येतो’ म्हणाला होता.

मागची खोली बघते तर सरकीचं पोतं गायब, सायकल गायब, फरशी धुतलेली, कोपऱ्यात पाण्याचा माठ. आणि चौकटीच्या वरच्या लाकडाला जुन्या गोधडीची जाड घडी सुतळीनं बांधलेली. पोराचं कपाळ आपटू नये म्हणून. सकाळी एक जण खोली विचारायला आला होता, त्याला अक्कांनी परत पाठवलं होतं.

एवढंच नाही. नानांकडून कळल्यावर मुलाचा एरंडोलहून फोन आला होता. परदेशी माणूस ठेवू नको, पोलिसांत सही देऊ नको, नसती भानगड. "त्याले सांगं मी," अक्का म्हणाल्या, "पोऱ्या येस म्हने, मी बरं म्हनी. आते मी फिरसू का?"

आता झाली का पंचाईत? त्या बाईनं मोझेसच्या शब्दाखातर मुलाला दुखवलं होतं, आणि तो शब्द मुळात कुणी दिलेलाच नव्हता. सांगावं तर सही जाणार, न सांगावं तर मन खाणार. माझं मी ठरवलं, शुक्रवार आहे, खाऊ दे मन. गप्प बसायचं.

मोझेसनं मात्र हात जोडले नाहीत की मान वाकवली नाही. अक्कांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, मी येतो म्हटलं न्हवतं. ‘हो’ म्हटलं हुतं, इंग्रजीत. काकींनी सांगितलं हुतं म्हनून. तुमी पोराचं आयकायचं तर आयका, मला राग न्हाई."

मला वाटलं, पोरगं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतंय. मी मधे बोलायला गेले, अक्कांनी हातानंच मला थांबवलं.

"मंग मी आते इचारस," त्या म्हणाल्या. "आवडनी का खोली?"

"लई आवडली." त्यानं मागच्या दाराकडं बोट केलं. मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरतं तिथं केळीचं एक दाट बेट होतं, एक घड वाकलेला. "आमच्या घरामागं पन असंच हाय. आई भांडी घासती तिथं. काल बघितल्यापासनं मनात हुतं, पन मला कुनी इचारलंच न्हाई."

खरंच की. मी नळ बघितला, चौकट बघितली, खिडकी बघितली. त्याला विचारलं नाही आणि ते बेटही मला दिसलं नाही.

अक्का उठल्या. "चाल पोलिसठानाले."

इथं मी उड्या मारायला पाहिजे होत्या. पण माझं तोंड काय म्हणालं? म्हणालं, "अक्का, ती खिडकी बंद भिंतीकडं आहे हो, वारा कसा येणार? आणि रात्री पाणी असतं का? याला दोनदा अंघोळ लागते. आणि दुपारी तुम्ही बाहेर कुठं गेलात तर याला जेवायला कोण—"

"बाई," अक्का म्हणाल्या, "तुले खोली पसंत नई, का याले सोडनं पसंत नई?"

मी कोल्हापूरची. शब्दाला शब्द देणारी. त्या दिवशी मात्र मी उगीच चौकटीवरच्या गोधडीची सुतळी आवळत बसले. घट्टच होती ती. मला मूलबाळ नाही. हे मी कुठं बोलत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते. मागच्या खोलीतली पोरं येतात, जातात, दिवाळीला फोन करतात. हा मात्र माझ्या स्वयंपाकघरात केळी वाफवायचा, माझा मसाल्याचा डबा उलटासुलटा करायचा, मी ओरडले की दारामागून हसायचा. अक्कांच्या खोलीला मी नावं ठेवली ती खोलीला नव्हतीच.

पोलिस ठाण्यात साहेब चांगले होते, पण प्रश्न विचारायचे ते विचारलेच. "अक्का, याची तुमची ओळख काय?"

"वळख व्हई ना आते," अक्का म्हणाल्या. आता राहतोय तर होईलच की ओळख, अशा थाटात. साहेबांनी हसू दाबत कागद पुढं केला. अक्कांनी ठसठशीत सही केली आणि पेन परत देताना, हे चांगलं चालत नाही, असंही सांगितलं. कॉलेजातला माणूस कुलूप लावायच्या बेतात होता, त्याच्या पुढ्यात आम्ही तो कागद ठेवला. मोझेसनं मला उचलून गरकन फिरवलं. माझी एक चप्पल कॉलेजच्या जास्वंदीत गेली.

संध्याकाळी त्यानं अक्कांच्या चुलीवर त्याचं ते जेवण केलं. केळी मागच्या बेटातली, पानंही तिथलीच. अक्कांनी एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाल्या, "मीठ नई." मग स्वतः चुलीत वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापल्या, आणि भरीत केळ्यावर घालून तिघांनी मिळून सगळं फस्त केलं. युगांडा आणि खानदेश एका ताटात बरे लागतात, हे मी जिभेवर हात ठेवून सांगते.

परत धुळ्यावरून

शनिवारी दोघं मला स्टँडवर सोडायला आले. मला वाटलं होतं, पोरगं रडेल. मी त्याच्यासाठी रुमालसुद्धा जादा घेतला होता. पण अक्कांनी वाटेत भाजी घेतलेली, ती पिशवी याच्या खांद्याला, आणि दोघांचा वाद जुंपलेला, केळीच्या पानावरचे ते पिवळे पट्टे पाण्यानं येतात का रोगानं. हा कोल्हापुरीत, त्या अहिराणीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. बस हलली. मोझेसनं हात केला, ‘काकी, पोचल्यावर फोन करा’ म्हणाला, आणि बस वळायच्या आधीच दोघं वळून भांडत भांडत निघालेसुद्धा.

पारोळ्यापर्यंत मी नुसती धुमसत होते. एवढं केलं आणि पोरगं मागं वळून बघत नाही! पारोळ्यानंतर रागही गेला. मग काहीच उरलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

धुळ्याला बस जेवायला थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली. गल्ल्यावरचे मालक आपण होऊन चौकशी करायला आले, कुठल्या, कुठं निघालात. म्हटलं, कोल्हापूरची. "अरे वा!" म्हणाले आणि मी कशी खाते ते बघायला तिथंच उभे राहिले.

मी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, पहिला घास तोंडात घातला, आणि काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यांना जी धार लागली ती थांबेचना. नाक वाहतंय, हुंदके येतायत, पदर पुरेना.

मालकांचे डोळे चमकले. "काय ताई! कोल्हापूरच्या ना तुम्ही? आमच्या शेवभाजीनं रडवलं?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. खरं सांगते, भाजीत तिखट बेताचंच होतं. आमच्याकडं एवढं तिखट लहान पोरं खातात. एरवी मी त्यांना तिथंच उभं करून कोल्हापूर म्हणजे काय ते सांगितलं असतं. सबंध जिल्ह्याची अब्रू त्या वाटीत होती.

"लई तिखट केलंय वो, भाऊ," मी म्हटलं.

ते इतके खूश झाले की आचाऱ्याला बाहेर बोलावून त्यांनी मला दाखवलं. मी डोळे पुसत मान डोलावली आणि आणखी रस्सा मागितला.